उलट्या पटाशीचा कारागीर

विश्वजीतनं साठ टोपणं किराण्याच्या पिशवीत भरून आणली आणि माझ्यासमोर पॉलिशच्या पाटावर ओतली. भाजलेल्या शेंगा ओताव्यात तशी. एक घरंगळत खाली गेलं आणि खरादाखालच्या भुशात जाऊन पडलं. ते त्यानं उचललंसुद्धा नाही.

"आई, बघ. आता आपला ब्रँड झाला."

मी बघायच्या आधी मला वास आला. एबोनाइट म्हणजे गंधक घालून शिजवलेलं रबर. त्याला मूळचाच एक वास असतो, खरादावर कांडी चढवली की सुटतो. चाळीस वर्षं मी तो घेते, मला त्याचं काही नाही. पण हा जळका वास होता. मेलेल्या उंदराला कुणी काडी लावली असती तर असाच आला असता. एक टोपण उचललं. काळ्याभोर अंगावर क्लिपच्या शेजारी मातकट पिवळा डाग. डागात एक बारका माणूस, आणि त्याच्या भोवती इंग्रजी अक्षरं.

"ह्याच्यावर कोण पान खाऊन थुंकलं रे?"

"लेझर आहे आई. वाळूजला करून आणलं. मेकर्स मार्क म्हणतात. मोठमोठ्या पेनांवर असतो, त्याशिवाय लोक हातात धरत नाहीत."

"वाच."

त्यानं घसा खाकरला. "नानासाहेब, मास्टर पेनमेकर. हँडमेड. थर्ड जनरेशन."

नानासाहेब म्हणजे आमचे हे, विश्वजीतचे बाबा. बाकीचं इंग्रजी मला येत नाही. पण थर्ड म्हणजे तिसरं एवढं कळतं, कारण शाळा मी तिसरीतच सोडली.

"पहिली पिढी गल्ल्यावर बसली," मी म्हणले. "दुसरी मोबाइलवर बसली. तिसरी कुठंय? पुण्याला होस्टेलात. तिला पेन धरता येत नाय, ती अंगठ्यानं लिहिती."

"आई, हे असंच लिहायचं असतं."

"असंच म्हणजे खोटं व्हय?"

तो हसला. माझ्या पोराची ही एक सवय आहे, त्याला शिवी दिली तरी तो गिऱ्हाइकाकडं बघून हसावं तसा हसतो. वाळूजच्या कंपनीत सेल्समध्ये होता, तिथं लागलेली. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून आला आणि आता दुकान सांभाळतो. सांभाळतो म्हणजे पेनांचे फोटो काढतो. पेनाशेजारी फुलं ठेवून, कॉफीचे दाणे ठेवून. एकदा माझाच चष्मा ठेवला होता, मी दोन तास शोधत होते.

मी हातातलं टोपण लावून बघावं म्हणून पेनाचं धड, म्हणजे नळा, मागितला. त्यानं खोक्यातून एक काढून दिला. टोपण चढेना. दुसरा दिला. अर्धा वेढा चढलं आणि अडकलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्यानं काय करून ठेवलंय.

आमच्या कामाचं थोडं सांगायला पाहिजे. दुकान गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. पुढं काउंटर, मागं कारखाना. कारखाना म्हणजे एक खराद, ज्याला आता लेथ म्हणतात, एक पॉलिशची मोटर आणि एक खिडकी. शाईचे पेन होतात, हातानं. एबोनाइटची कांडी कापायची, भोक पाडायचं, खरादावर सोलायची, मग आटे पाडायचे. टोपण ज्या खाचांवर फिरून बसतं ते आटे. कंपनीच्या पेनाला ते मशीन पाडतं, म्हणून कुठलंही टोपण कुठल्याही पेनाला बसतं. आमच्याकडं खरादावर बसणारी रूपा ते हातानं पाडते. आधी नळा करते, आणि मग त्याच नळ्यावर लावून बघत बघत त्याचं टोपण आतून कोरते. ते टोपण मग त्याचंच. दुसऱ्यावर लावलं तर चढत नाही. चढलंच तर मध्ये अडकतं, आणि जोर केला की आट्याचा कपचा उडतो.

म्हणून आमच्याकडं रीत अशी की टोपण नळ्यापासून लांब न्यायचं नाही. माझ्याकडं पॉलिशला पेन जोडीनं येतो, डब्यात जातो तोही जोडीनं. मी नळा घासायला घेतला तर त्याचं टोपण मांडीवर पदरात ठेवते आणि ते परत लावल्याबिगर दुसऱ्या पेनाला शिवत नाही. आतून नंबर टाकावेत असं कधी कुणाच्या मनातच आलं नाही. साठ टोपणं साठ नळ्यांवरून एकदम कोण काढील? चोर आला तरी तो अख्खा पेन नेतो.

"तू टोपणं का काढलीस रे?"

"लेझरवाला म्हणला, पूर्ण पेन साच्यात बसत नाही, नुसती टोपणं आणा. मग काढली. परत लावायची, त्यात काय?"

त्यात काय! एकोणचाळीस वर्षांचा घोडा. ह्याच खरादाखाली रांगला, भुसा खाल्ला, दोनदा जुलाब लागले. आणि त्यात काय.

"बस आन् लाव," मी म्हणले.

तो बसला. अर्ध्या तासात त्यानं दोन नळ्यांचे कपचे उडवले. दुसऱ्याचा आवाज मला काउंटरवर ऐकू आला, हरभरा दाताखाली फुटतो तसा. मी आत जाऊन त्याच्या हातातला तिसरा काढून घेतला.

ऑर्डर पुण्याच्या मंजुषा मॅडमची होती. त्यांचं पेनांचं दुकान आहे, नुसत्या पेनांचं. शनिवारी साठ पेन पोचायचे होते, सगळे काळे, सगळे एका मापाचे. म्हणजे रंगावरून, कांडीतल्या नक्षीच्या लहरींवरूनही जोडी ओळखायची सोय नाही. हा सोमवार होता. रूपा दोन दिवस गंगापूरला नणंदेकडं कार्याला गेली होती. ती नसताना ह्यानं हा उद्योग केला. ती असती तर टोपणाला हात लावू दिला नसता, हे त्यालाही ठाऊक असणार.

रूपा म्हणजे धोंडिबा साळवेची लेक. धोंडिबा आमच्याच पाचोडचा. गावात आमचं घर एका टोकाला आणि त्याचं दुसऱ्या. कुठलं टोक कुणाचं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शहरात तो आमच्या आधी आला आणि निसार उस्तादांच्या हाताखाली खराद शिकला. उस्ताद म्हातारे झाले तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांचा खराद विकत घेतला, आणि खरादाबरोबर धोंडिबा आला. पस्तीस वर्षं त्यानं पेन केले. त्याच्या हाताला कंप सुटला तेव्हा रूपा बसली. बाई खरादावर बसते म्हणून गल्लीतले लोक डोकावून जायचे. मी एकदा पॉलिशचं पाणी फेकलं, तेव्हापासून डोकावत नाहीत. धोंडिबा जाऊन आता चार वर्षं झाली.

मंगळवारी सकाळी रूपा आली. "जय भीम काकू," म्हणली, डबा खुंटीला लावला, आणि पाटाकडं बघून तिथंच थांबली.

मी पाट तिच्याकडं सरकवला.

तिनं एक टोपण घेतलं, खिडकीशी नेलं, डोळ्याला भिंग लावलं. लई वेळ बघितलं. मला वाटलं आता रडेल नाहीतर भांडेल. ती हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला.

"काय गं?"

"काकू, ह्यानं पटाशी उलटी धरलीया."

"कुणी?"

"ह्यो मास्टर. बघा की. धार पोटाकडं आन् मूठ खरादाकडं. असं धरून खराद चालू केला असता तर आतडी बाहेर आली असती."

मी भिंग घेतलं. खरंच. बारका माणूस, बारका खराद, आणि हातात उलटी पटाशी. साठ टोपणांवर साठदा.

ते चित्र विश्वजीतनं कुठून घेतलं ते मला तेव्हा कळलं. काउंटरच्या मागं ह्यांचा फोटो आहे, पेपरात छापून आलेला. पंचवीसेक वर्षं झाली असतील. पेपरवाला आला, म्हणला कारागिराचा फोटो पाहिजे. खरादावर धोंडिबा होता. हे कोट घालून काउंटरवर होते. मीच म्हणले, "धोंडिबा, जरा उठ. ह्यांना बसू दे. आन् तुझा ॲप्रन दे." तो उठला. ॲप्रन त्यानंच ह्यांच्या कमरेला बांधला, मागून गाठ मारली, कोटाला चुरगळा पडू नये म्हणून वरून सारखा केला. पटाशी हातात मी दिली. कशी धरायची ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि धोंडिबाला विचारलं नाही. तो दारात उभा होता. त्याला दिसलं असणारच. बोलला नाही.

हे सगळं रूपाला मी सांगितलं नाही. ती हसत होती तेव्हा मला आठवलं, एवढंच. आणि तोंडाला कडू पाणी सुटलं.

हसणं थांबल्यावर रूपानं टोपण खाली ठेवलं. नीट ठेवलं, उभं.

"आता ही जुळवायची कुणी?"

"तूच जुळवशील. आणखी कुणाला येतंय?"

"मास्टरला येत असंल," ती म्हणली. "नाव ज्याचं, त्यानं जुळवावं."

तेवढ्यात विश्वजीत आत आला. "रूपाताई, हे फक्त मार्केटिंग आहे. तुमचा पगार तेवढाच राहणार, उलट ऑर्डरी वाढल्या की..."

"दादा, पगाराचं कोण बोललं?"

"मग काय पाहिजे तुम्हाला?"

तिनं त्याच्याकडं पाठ केली. माझ्याकडं बघितलं. मग खुंटीवरचा डबा काढला, चपला घातल्या आणि गेली. डबा उघडलासुद्धा नव्हता.

"येईल परत," विश्वजीत म्हणला. "जाते कुठं?"

पाचोडच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून विकणारे मी पाहिलेत. पण तेसुद्धा बैल आपला आहे म्हणून विकतात. शेजाऱ्याच्या दावणीचा बैल रंगवून, वर त्यावर आपल्या बापाचं नाव गोंदवणारा मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो माझ्या पोटचा होता.

त्या दिवशी मी स्वतः बसले. चाळीस वर्षं टोपणं हाताळली, बोटांना काहीतरी ठाऊक असेल असं वाटलं. एक नळा घ्यायचा आणि एकेक टोपण अलगद टेकवायचं. चढत नसलं की लगेच काढायचं. संध्याकाळपर्यंत चार जोड्या लागल्या. पाचवी लागली असं वाटलं, डब्यात ठेवली, परत काढून बघितली तर शेवटच्या पाव वेढ्याला टोपण डुगडुगत होतं. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. आणि प्रत्येक टोपणावर तो मातकट माणूस माझ्याकडं बघत पोटाला पटाशी लावून बसलेला. आपल्याच नवऱ्याच्या तोंडाचा असा वीट यावा, हे चांगलं नव्हे. पण आला. खोटं कशाला लिहू?

"आई, मामांच्या ओळखीचा एक खरादवाला आहे चिकलठाण्याला," विश्वजीत म्हणला. "त्याला बोलावू का?"

"तो काय करतो?"

"पलंगाचे पाय."

मी दिवा बंद करून उठले.

बुधवारी सकाळी रिक्षा केली आणि भावसिंगपुऱ्याला रूपाच्या घरी गेले. विश्वजीतला सांगितलं नाही. धोंडिबाच्या घरी मी एकदाच गेले होते, तो वारला तेव्हा, आणि तेव्हाही उभ्या उभ्या. ह्यावेळी रूपानं खुर्ची पुढं केली आणि मी बसले. रूपाची आई गीताबाई भाकरी थापत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"चहा घेणार का काकू?" रूपानं विचारलं. हा साधा प्रश्न नव्हता, आम्हा तिघींना ठाऊक होतं. धोंडिबा आमच्याकडं पस्तीस वर्षं चहा प्याला, त्याचा ग्लास वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. माझ्या घरचीच रीत. मीच पाळली.

"घेते," मी म्हणले.

चहा झाला. चांगला होता, आलं जास्त होतं. मी म्हणले, "रूपे, विश्वजीत मूर्ख हाय. तू चल."

"दादा मूर्ख नाय काकू. त्यानं जे ऐकलं ते लिहिलं. तुम्ही काय सांगायचा गिऱ्हाइकाला? कुणी विचारलं, पेन कोण बनवतं, तर?"

आम्ही सांगायचो, "आम्हीच." हे सांगायचे, ह्यांच्या मागं मी सांगायला लागले. धोंडिबा तीन हातांवर बसलेला असायचा, खराद चालू. ऐकू येत असेल की नसेल, असा विचार मी कधी केला नव्हता. त्या वेळी चहा पिताना पहिल्यांदा केला.

गीताबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता बोलली, "त्यो पेपर आणला हुता ह्यांनी. फोटोचा."

"कुठला फोटो?" मी म्हणले. मला ठाऊक होतं कुठला.

"त्योच. सायबाचा. कापून ठिवला हुता पेटीत. कोन आलं गेलं की दावायचे. म्हनायचे, ह्यो ॲप्रन माझा हाय."

"आन् माणूस?"

"मानसाचं काय नाय म्हनायचे."

चहाचा घोट मला गिळवेना. थुंकता तर येत नव्हता. कसाबसा खाली गेला. आजवर मला ज्याची त्याची किळस आली आहे: ढेकर देणाऱ्यांची, फुकटचा सल्ला देणाऱ्यांची, पेन चाखून बघणाऱ्या गिऱ्हाइकांची. स्वतःची अशी कधी आली नव्हती. अंगावरून पाल जावी आणि ती पाल आपल्याच बाहीतून निघावी, तसं झालं.

माफी मागायची माझ्या तोंडाला सवय नाही. मी विचारलं, "काय केलं म्हणजे येशील?"

"आधी ते पुसा," रूपा म्हणली. "मग मी जुळविते."

"खोल भाजलंय गं. घासलं तर टोपण बारीक होईल."

"केसाएवढं हुईल. तुमच्या हाताला जमतंय ते. दुसऱ्या कुणाला देऊ नका, दादाला तर अजिबात नको."

"आन् त्याच्या जागी तुझं नाव घालायचं का?"

"मी मागितलं का?" ती एकदम चिडली. "नाव घालाल, उद्या दादा म्हणंल नाव दिलं आता गप बस. मला काय नको. निस्तं खोटं काढा."

मी उठले. दारात चपला घालताना गीताबाई म्हणली, "कप राहू द्या तिथंच, मी उचलते." मी कप मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घातला. त्यात काही मोठेपणा नाही. पस्तीस वर्षं धोंडिबा आपला ग्लास आपणच विसळत होता.

दुकानात येऊन मी मोटर लावली नाही. मोटरनं हा डाग निघत नाही, पसरतो. वाटीत पाणी घेतलं, जाड पॉलिश पेपर भिजवला आणि पहिलं टोपण घासायला घेतलं. ओलं झालं की वास दुप्पट सुटतो. जळकं गंधक, नासक्या अंड्यासारखं. पाणी पिवळं झालं, बोटं पिवळी झाली, नखांत रेंदा बसला. आधी अक्षरं गेली. मग खराद गेला. माणूस शेवटपर्यंत टिकला, कारण तो जास्त खोल भाजला होता.

विश्वजीत आत आला आणि बघत राहिला.

"आई, काय करतेस? पैसे दिलेत त्याचे!"

"दिले असशील."

"अगं, बाबांना पुसतेस तू. बाबांचा चेहरा आहे तो."

हे त्यानं बरोबर जागी मारलं. माझा हात थांबला. मी टोपण उजेडात धरलं. नुसतं नाक आणि कोटाची एक बाही राहिली होती.

"तुझे बाबा पटाशी बघितली की चार हात लांब उभे राहायचे," मी म्हणले. "एकदा बोट कापलं होतं त्यांचं, काउंटरच्या काचेनं, तर दोन दिवस झोपून होते. गोड बोलायचे. कंजूस माणसाला पेन विकायचे. दोन रुपयांची शाई फुकट द्यायचे आन् गिऱ्हाइकाला जन्मभर बांधून ठेवायचे. तसं चित्र काढून आण, काउंटरवर हसत बसलेले, मी दुकानाच्या पाटीवर लावते. हा कोण हाय मला ठाऊक नाय." आणि बाही पुसली.

"आणि शनिवार?"

"तो येतोय की. त्याला कोण आडवतंय?"

त्या दिवशी पंधरा झाली. त्यातलं एक पातळ झालं, उजेडात धरलं तर कडेला फिकट दिसत होतं. ते बाजूला काढलं. रात्री जेवताना हातांचा वास भाकरीला लागला, अर्धी टाकली.

गुरुवारी रूपा आली. "जय भीम काकू."

"जय भीम," मी म्हणले. आजवर मी "ये गं" म्हणायचे. तिनं काही दाखवलं नाही, डबा लावला, ॲप्रन बांधला, पुसलेली टोपणं मोजली, पातळ झालेलं उचलून माझ्याकडं बघितलं. "एवढं कशाला घासलं?"

"नाक जात नव्हतं."

ती परत हसली. मग जुळवायला बसली. मी तिचं काम रोज बघते पण हे कधी बघितलं नव्हतं. ती टोपण नळ्याला लावून बघत नव्हती. आधी करंगळीचं नख टोपणात घालून आट्यावरून फिरवायची, डोळे मिटून. मग नळ्यांच्या रांगेवरून अंगठा. दोन-तीन नळे बाजूला काढायची, त्यातला एक घ्यायची, टोपण टेकवायची. बरोबर असलं की शेवटच्या वेढ्याला ते तिचं बोट आपल्याकडं ओढून घ्यायचं. "हा सतरावा हाय," ती म्हणायची. "त्या दिवशी पटाशीला धार कमी हुती." किंवा, "ह्यो पावसातला. लाइट गेली हुती." साठ पेन तिला साठ दिवसांसारखे आठवत होते. मी पुसत होते आणि ती जुळवत होती. विश्वजीत एकदा आत आला, उभा राहिला, त्यानं मोबाइल काढला फोटो घ्यायला. मी नुसतं बघितलं. त्यानं खिशात ठेवला.

पण काम काही शनिवारपर्यंत होणारं नव्हतं. दोन नळे नव्यानं करायचे, एक टोपण नव्यानं, आणि सगळ्यांना परत पॉलिश.

शनिवारी सकाळी मंजुषा मॅडमचा फोन आला. विश्वजीतनं स्पीकरवर टाकला आणि आधीच हसला. "मॅडम, मशीनचा थोडा प्रॉब्लेम झाला."

"अहो, पण सोमवारी माझ्याकडं कार्यक्रम आहे," मॅडम म्हणाल्या. "बरं, लोगो छान आलाय ना? नानासाहेबांची गोष्ट मी प्रत्येक डब्यात कार्डावर छापून टाकणार आहे. त्यांनी पहिला पेन कधी केला, कसा केला, एवढं सांगा फक्त."

विश्वजीतनं तोंड उघडलं. तो काय सांगणार होता ते मला दिसत होतं, अख्खी गोष्ट त्याच्या ओठांवर आली होती. मी फोन घेतला.

"मी विश्वजीतची आई."

"नमस्कार आई! तुम्हीच सांगा मग. पेन कोण बनवतं तुमच्याकडं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. चाळीस वर्षांचं, गुळगुळीत झालेलं, विचारलं की आपोआप पडणारं. ते मला अक्षरशः दातांनी धरावं लागलं.

"रूपा साळवे बनविती," मी म्हणले. "तिच्या आधी तिचा बाप धोंडिबा साळवे बनवायचा. आमच्यात कुणी पेन बनवलेला नाय. माझे मालक दुकान चालवायचे. मी पॉलिश करते."

विश्वजीतनं कपाळाला हात लावला. मागं खराद चालू होता तो थांबला.

"म्हणजे... नानासाहेब?"

"ते दुकानदार हुते. चांगले दुकानदार. त्यांचं चित्र पेनावर आलं हुतं, ते मी पुसलंय. कार्डावर छापलं असंल तर ते तुम्ही पुसा. आन् हे ऐकून पेन नको असतील तर आत्ता सांगा, मला उन्हात पोस्टात जायचं नाय."

"नको असं नाही म्हणत मी," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता. गोष्ट गेली ना त्यांची. "पण मग कधी मिळतील? सोमवारी दुपारपर्यंत तरी?"

"सोमवारी..." मी म्हणले, आणि थांबले. तारखा नेहमी मीच द्यायचे. तारीख दिली की आत जाऊन रूपाला सांगायचे, अमक्या दिवशी पाहिजे. तिला कधी विचारलं नाही, होईल का म्हणून.

मी आत गेले. रूपा पटाशी हातात धरून माझ्याकडं बघत होती. मी फोन तिच्यापुढं धरला.

"कधी देतीस विचारतायत. तुला विचारतायत."

तिनं पटाशी ठेवली, हात पुसले, बोटांच्या टोकांनी फोन धरला. तोंडाजवळ न्यायला जरा वेळ लावला.

"हां मॅडम. मी रूपा साळवे... व्हय, मीच... नाय, सोमवारी नाय हुणार." ती ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "कार्यक्रम हाय ते खरं, पण आटे घाईनं पाडले तर वर्षभरात ढिले पडतात. मग तुम्हीच म्हणाल... गुरुवारी. नाय, बुधवारी पण नाय. गुरुवारी."

पलीकडून मॅडम काहीतरी बरंच बोलल्या. रूपानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं.

"नावाचं मागून बघू मॅडम," ती म्हणली. "आधी टोपणं बसू द्या."

तिनं फोन मला दिला नाही, विश्वजीतला दिला. तो घेऊन बाहेर गेला, ह्यावेळी न हसता. रूपानं खराद चालू केला. मी वाटीतलं पिवळं पाणी मोरीत ओतलं, नवं घेतलं आणि पाटावर बसले. अजून अकरा टोपणं पुसायची राहिली होती.